सकाळपर्यंत थांबावे का? पहिल्यांदाच मांजर पाळणाऱ्या सातारकरांसाठी

मांजर आजारी पडले की नवख्या माणसाला रोगाचे नाव फारसे सुचत नाही. रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, दवाखान्यांची शटर खाली गेलेली असतात आणि मनात एकच प्रश्न असतो: सकाळपर्यंत थांबले तर चालेल का? साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी पशुवैद्यकाचे काम पूर्वापार गाई-म्हशी आणि शेळ्यांभोवती फिरत आले आहे, त्यात पुढे घरोघरची कुत्री आली, आणि मांजर हा तिथे सर्वांत उशिरा दाखल झालेला रुग्ण आहे. त्यामुळे येथे हा प्रश्न मोठ्या शहरापेक्षा जास्त वेळा पडतो, आणि त्याचे उत्तर चुकले तर भरपाईला वाव थोडा राहतो.

मी शाहूपुरीत बरीच वर्षे मांजरे सांभाळत आलो आहे, पशुवैद्यक नाही. म्हणून निदान आणि औषधाचे प्रमाण हे विषय डॉक्टरांवर सोपवून, घरच्या माणसाच्या हाती जेवढे असते तेवढेच येथे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: मांजर धडधाकट असतानाच डॉक्टर शोधून ठेवावा

पिल्लू घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात हे काम उरकावे. चौकशीचे तीन मार्ग आहेत. एक म्हणजे गावातले खाजगी पशुवैद्यक. दुसरा, जिल्ह्याच्या ठिकाणी असलेले शासकीय पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय. आणि तिसरा, आपल्याच जिल्ह्यातल्या शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, जिथे विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी चिकित्सालयही चालवले जाते. शिरवळ साताऱ्याहून महामार्गाने, खंबाटकी ओलांडून, तास-सव्वा तासावर आहे. हा वेळ निर्णय घेताना नेहमी हिशेबात धरावा, कारण 'आणखी दोन तास पाहू' असे म्हणणाऱ्याचे प्रत्यक्षात साडेतीन तास जातात.

डॉक्टरांना फोन करताना 'मांजर पाहता का' एवढेच विचारून थांबू नये. मांजराची लघवी तुंबली तर नळी घालण्याची सोय आहे का, मांजराला भूल देऊन शस्त्रक्रिया केली जाते का, एक्स-रे आणि रक्ततपासणी कुठे होते, आणि रात्री किंवा रविवारी कोणाला फोन करावा, हे चार प्रश्न विचारावेत. एखादे डॉक्टर मोकळेपणाने 'हे आमच्याकडे होत नाही, अमुक ठिकाणी जा' असे सांगतील. असा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो. मिळालेले क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवावेत. ऐन वेळी मोबाईल दुसऱ्याच माणसाच्या खिशात असतो.

त्याच आठवड्यात झाकणाची प्लॅस्टिकची टोपली किंवा मांजराचा कॅरिअर घ्यावा आणि तो माळ्यावर न टाकता घरातच, दार उघडे ठेवून, आत जुना टॉवेल अंथरून ठेवावा. फक्त दवाखान्याच्या दिवशीच दिसणारी पेटी पाहून मांजर कपाटाखाली शिरते, आणि तिथून त्याला बाहेर काढण्यात अर्धा तास आणि दोन ओरखडे सहज खर्च होतात. पोत्यात किंवा कापडी पिशवीत बांधून दुचाकीवर नेण्याची पद्धत अजून दिसते. ती सोडून द्यावी. आधीच धाप लागलेले मांजर पोत्यात गुदमरते.

दुसरी पायरी: रोजचे मांजर ओळखीचे करून घ्यावे

मांजर दुखणे दाखवत नाही. ते शिकारी असले तरी आकाराने इतके लहान आहे की मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही होऊ शकते, आणि अशा प्राण्याला अशक्तपणा उघड करणे परवडत नाही. त्यामुळे आजारी मांजर विव्हळत आपल्यापाशी येईल, ही अपेक्षा बाळगू नये. ते नेहमीच्या जागेवरून उठून पलंगाखाली जाते, अंग चाटायचे थांबवते, उंच उडी मारण्याआधी क्षणभर थबकते; एवढ्यातच सारे काही असते. ते गुरगुरत आहे म्हणजे खुशीत आहे, हेही दर वेळी खरे नसते, कारण वेदनेत असलेली मांजरेही गुरगुरतात.

म्हणून पहिल्या महिन्यात एक वही घालावी आणि निरोगी दिवसांच्या नोंदी कराव्यात. मांजर किती वेळा खाते, वाळूच्या घमेल्यात दिवसातून किती ओले गोळे सापडतात (बहुतेक मोठ्या मांजरांचे दोन-तीन), शी कशी असते, हे लिहावे. मांजर गाढ झोपलेले असताना छाती वर-खाली होण्याच्या फेऱ्या अर्धा मिनिट मोजून दुप्पट कराव्यात. निरोगी मांजराचा हा आकडा साधारणपणे मिनिटाला १५ ते ३० असतो. ओठ हळूच वर करून हिरड्यांचा रंग पाहावा. काही मांजरांच्या हिरड्यांवर मुळातच काळे ठिपके असतात, पण उरलेला भाग गुलाबी हवा. ही पाहणी रोजच्या लाडांमध्येच उरकली की मांजरालाही तिची सवय होते.

महिन्यातून एकदा वजन करावे. मांजराला घेऊन स्वतः काट्यावर उभे राहावे आणि मग एकट्याचे वजन वजा करावे. ओळखीच्या किराणा दुकानदाराचा इलेक्ट्रॉनिक काटा मिळाला तर अधिक नेमके काम होते, आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांची करमणूकही होते. चार किलोच्या मांजराचे वजन ४०० ग्रॅमने उतरले म्हणजे त्याच्या शरीराचा दहावा हिस्सा गेला. केसांमुळे ही घट डोळ्यांना दिसत नाही, काट्यालाच दिसते.

नाक ओले की कोरडे यावरून ताप ठरवण्याची समजूत मात्र वहीत घेऊ नये. उन्हात झोपून उठलेल्या मांजराचे नाकही कोरडे आणि गरम लागते. मांजराचे निरोगी तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे माणसापेक्षा जास्त असते, त्यामुळे हाताला ते नेहमीच कोमट लागणार. नेमके तापमान गुदद्वारात थर्मामीटर ठेवूनच कळते आणि ते काम नवख्याने डॉक्टरांकडून शिकल्याशिवाय करू नये.

तिसरी पायरी: लस, जंत, नसबंदी

हा भाग सरळ आहे आणि त्यात स्वतःची बुद्धी चालवण्यासारखे फारसे नाही. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की मांजरांची तिहेरी लस सुरू होते आणि साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी तिचे डोस पुन्हा द्यावे लागतात. ही लस पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या तीन विषाणूंपासून संरक्षण देते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास द्यावी, आणि पुढच्या वर्षांचे वेळापत्रक डॉक्टर कार्डावर लिहून देतात. मांजर घराबाहेर जात नसले तरी रेबीजची लस टाळू नये, कारण उघड्या खिडकीला मांजराचे कायदे लागू असतात, आपले नव्हेत.

यांपैकी पॅनल्युकोपेनिया हा पिल्लांचा सर्वांत क्रूर रोग आहे. काल खेळणारे पिल्लू आज उलट्या करून मलूल पडते आणि एक-दोन दिवसांत दगावू शकते. त्याचा विषाणू घरात कित्येक महिने, अगदी वर्षभरही तग धरतो. ज्या घरात असे पिल्लू गेले असेल तिथे लस पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू लगेच आणू नये, आणि फरशी ब्लीचच्या पातळ द्रावणाने पुसून, नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावी. फिनेल का वापरू नये ते पुढे येईल.

जंताचे औषध पिल्लांना वजन करूनच आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने द्यावे. शेपटीखाली किंवा झोपायच्या जागी तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे असतात, आणि तो बहुधा पिसवांमार्फत पोटात शिरलेला असतो. तेव्हा जंताबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो.

नसबंदीबद्दल आपल्याकडे अजून संकोच आहे. भाटी पाच-सहा महिन्यांची होताच, कधी त्याआधीही, माजावर येते, रात्रभर आर्त ओरडते, जमिनीवर लोळते, आणि नवखे मालक पोटात दुखते आहे असे समजून तिला दवाखान्यात धावडवतात. हा आजार नव्हे. मात्र गाभ राहिली की ६३ ते ६५ दिवसांत पिल्ले होतात आणि हे चक्र वर्षातून एकाहून अधिक वेळा फिरू शकते. बोक्याची नसबंदी केल्याने त्याचे भटकणे आणि मारामाऱ्या कमी होतात, आणि दवाखान्याच्या निम्म्या फेऱ्या त्या मारामाऱ्यांच्याच असतात, असे माझी वही सांगते.

चौथी पायरी: ताटलीत काय असावे

दूध-भात खाऊन पिढ्यान्‌पिढ्या मांजरे जगली, हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. ती जगली ती दुधा-भातावर कमी आणि धान्याच्या कोठीतल्या उंदरांवर जास्त. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे आणि टॉरिन नावाचे अमिनो आम्ल ते स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करू शकत नाही. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी टॉरिनची कमतरता आणि मांजरांच्या हृदयाचे स्नायू सैल पडणे यांचा संबंध दाखवून दिला, आणि त्यानंतर तयार खाद्यांत टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. या कमतरतेने डोळ्यांचा पडदाही कायमचा निकामी होतो. शाकाहारी घरात मांजर पाळायला हरकत नाही. त्याला शाकाहारी करायला आहे. अशा घरांनी मांजरांसाठी बनवलेले पूर्ण आहाराचे तयार खाद्य आणावे, म्हणजे स्वयंपाकघराचा आणि मांजराचा, दोघांचाही धर्म सांभाळला जातो.

मांसाहारी घरांची चूक वेगळी असते. तिथे रविवारी मटणाच्या कालवणातले तुकडे आणि हाडे मांजरापुढे जातात. कांदा आणि लसूण, शिजवलेले असोत वा वाळवलेले, मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजलेली हाडे टोकदार फुटून घशात किंवा आतड्यात रुततात. मांजरासाठी चिकन वेगळे काढून मीठ, हळद, मसाला न घालता उकडावे आणि हाड काढून द्यावे. मात्र रोजचे जेवण नुसत्या चिकनवर चालवू नये, कारण त्यात कॅल्शियम पुरेसे नसते. पाण्याची वाटी ताटलीपासून आणि घमेल्यापासून दूर ठेवावी. मांजरे मुळातच पाणी कमी पितात आणि पुढच्या भागात येणाऱ्या लघवीच्या दुखण्याची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते.

पाचवी पायरी: यांसाठी सकाळची वाट पाहू नये

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण यातली पहिली गोष्ट मी स्वतः चुकलो आहे.

आमचा काळू नावाचा बोका एका रविवारी संध्याकाळी घमेल्यात वारंवार जाऊन बसू लागला. तो कुंथत होता, बाहेर येऊन मागचा भाग चाटत होता आणि पुन्हा आत जात होता. वाळू कोरडी होती. मी शी अडली असे समजलो, घरातल्या अनुभवी मंडळींनीही तेच सांगितले, आणि आम्ही त्याला एरंडेल पाजले. सोमवारी सकाळी तो उलट्या करून थंडगार पडला होता. नळी घालून, सलाईन लावून तो वाचला, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की आणखी काही तास गेले असते तर हातात काही उरले नसते.

बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. त्यात बारीक खडे, चिकट द्रव आणि पेशींचा गोळा बसला की लघवी तुंबते, मूत्राशय दगडासारखे टणक होते, रक्तात पोटॅशियम वाढत जाते आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकते. म्हणून बोका घमेल्यात वारंवार बसून कुंथत असेल आणि वाळू ओली होत नसेल, तर तो शीसाठी कुंथतो की लघवीसाठी, हे ठरवत बसू नये. त्याच क्षणी फोन करावा आणि निघावे. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न करू नये, मूत्राशय फुटू शकते. दुसऱ्या बाजूने, थोडी थोडी पण लघवी होत असेल, तीत रक्त दिसत असेल, तर दाह असण्याचा संभव असतो आणि तेही त्याच दिवशी दाखवावे. भाटीचा मार्ग रुंद असल्याने ती सहसा तुंबत नाही, पण तिलाही हा दाह होतो.

दुसरा प्रसंग श्वासाचा. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो ते स्वाभाविक आहे. मांजराने तोंड उघडून श्वास घेणे जवळजवळ नेहमीच धोक्याचे असते. निवांत असताना श्वास मिनिटाला ४० च्या वर जात असेल, पोट भात्यासारखे हलत असेल, मान पुढे ताणलेली असेल किंवा हिरड्या पांढऱ्या वा निळसर पडल्या असतील, तर छातीत पाणी, हृदयविकार किंवा दमा यांपैकी काहीही असू शकते. अशा मांजराला धरून बळेच काही पाजू नये, उलटे करू नये, कमीत कमी हाताळून टोपलीत ठेवावे आणि निघावे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या खोलीत कोंडलेले मांजर उष्माघातानेही असे धापा टाकते. त्याचे पंजे आणि पोट साध्या पाण्याने भिजवत, पंख्याखाली ठेवून, लगेच दवाखाना गाठावा. बर्फ लावू नये.

तिसरा प्रसंग विषाचा, आणि आपल्या घरांमध्ये हे विष बहुधा प्रेमानेच दिले जाते. ताप आला असे वाटून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी मांजराला दिली जाते. माणसाचे यकृत ज्या प्रक्रियेने हे औषध निष्प्रभ करते ती मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. त्यामुळे औषध विषासारखे काम करते, रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेण्यास पुरेशी आहे, आणि अर्धीचाही भरवसा नाही. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे आणि खरे सांगावे. यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. यकृताच्या याच उणिवेमुळे फिनेल मांजराला बाधते. ओल्या फरशीवरून चाललेले मांजर नंतर पंजे चाटते आणि फिनेल पोटात जाते. डांबराच्या गोळ्या, निलगिरीचे तेल, कुत्र्यांच्या पिसवांसाठीचे परमेथ्रिन असलेले औषध, उंदरांचे औषध, द्राक्षबागेच्या किंवा भाजीच्या फवारणीचे डबे, हे सारे मांजराच्या वाटेतून दूर असावे. लग्नाच्या पुष्पगुच्छातली खरी लिली दिसायला निरुपद्रवी असते, पण तिचे परागकण अंगावरून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत निकामी होऊ शकतात. विषाची शंका आली की घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. डबा किंवा गोळ्यांची पट्टी बरोबर घेऊन जावे.

चौथा, दोरा. गजऱ्याचा दोरा, राखीचा धागा, शिवणाच्या सुईतला ओवलेला दोरा, संक्रांतीचा मांजा, यांचे मांजराला भारी आकर्षण असते, आणि त्याच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असल्यामुळे तोंडात गेलेला दोरा सहज बाहेर टाकता येत नाही. तो जिभेखाली अडकून पुढे आतड्यात उतरला की आतडी त्यावर चुणीदार कापडासारखी गोळा होतात आणि कापली जातात. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचे टोक लोंबत असले तरी ते कधीही ओढू नये. जसे आहे तसे ठेवून दाखवायला न्यावे.

याखेरीज झटके येणे, मागचे पाय अचानक लुळे पडून मांजर किंचाळणे (हृदयविकारात रक्ताची गाठ तिथे अडकते), गाडीची धडक किंवा गच्चीवरून पडणे, सापाशी झटापट झाल्यानंतर सूज येणे किंवा मान टाकणे, आणि विणारी मांजरी अर्धा तास जोराच्या कळा देऊनही पिल्लू बाहेर न येणे, यांना थांबायला वेळ नाही. पडल्यानंतर मांजर उठून चालू लागले तरी फुप्फुसाला किंवा मूत्राशयाला इजा झालेली असू शकते. सापाच्या बाबतीत जखम कापणे, आवळून बांधणे आणि गावठी औषध शोधत फिरणे, तिन्ही टाळावे.

सहावी पायरी: एक दिवस पाहता येईल, पण एकच

न खाणे हे यातले सर्वांत फसवे लक्षण आहे, कारण मांजर लहरी असते आणि एखादे जेवण चुकवते. मोठ्या मांजराने पूर्ण चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना फोन करावा, आणि दुसरा दिवसही तसाच जाऊ देऊ नये. विशेषतः लठ्ठ मांजर उपाशी राहिले की शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि मूळ आजारापेक्षा हेच जिवावर बेतते. 'पोटाला विश्रांती' म्हणून मांजराला लंघन घडवणे त्यामुळे चुकीचे आहे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला तर एवढाही अवकाश नसतो. ते दहा-बारा तास काही खात नसेल आणि मलूल असेल तर त्याच दिवशी न्यावे.

महिन्यातून एखादी केसांच्या गुंत्याची उलटी फारशी चिंतेची नाही. एका दिवसात तीन-चार उलट्या, उलटीत रक्त, किंवा उलटीबरोबर मलूलपणा असेल तर लगेच दाखवावे. जुलाबाचेही तसेच: मांजर खेळत-खात असेल तर एक दिवस दूध बंद करून नुसते उकडलेले चिकन आणि भरपूर पाणी द्यावे, पण जुलाबात रक्त दिसले किंवा रोगी पिल्लू असेल तर थांबू नये.

शिंका, डोळ्यांतून पाणी आणि चिकटा हे पावसाळ्यात नेहमीचे. साताऱ्याचा जुलै-ऑगस्टचा गारठा आणि ओल अशक्त पिल्लांना सोसत नाही. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळे पुसावेत, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्यावा, आणि अन्न किंचित कोमट करून द्यावे, कारण चोंदलेल्या नाकाला वास येत नाही आणि वासाशिवाय मांजर खात नाही. स्राव पिवळा-हिरवा झाला, जिभेवर फोड आले किंवा खाणे थांबले तर दवाखाना. डोळा मिटून ठेवलेला असेल तर घरातले माणसांचे थेंब घालू नयेत. त्यात स्टिरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जाऊ शकतो.

मारामारीनंतर तीन-चार दिवसांनी अंगावर गरम, दुखरी गाठ येते. दाताचे भोक वरून बुजते आणि आत पू धरतो. हळदीचा लेप लावून वरची त्वचा बंद करणे म्हणजे चोर घरात ठेवून दाराला कुलूप लावणे होय. ही गाठ डॉक्टरांकडून उघडून, धुऊन घ्यावी लागते.

दहा वर्षांवरच्या मांजराने अचानक जास्त पाणी प्यायला सुरुवात केली, किंवा भूक शाबूत असून ते वाळत चालले, तर मूत्रपिंडे, मधुमेह किंवा थायरॉइड तपासण्यासाठी त्याच आठवड्यात रक्ततपासणी करून घ्यावी.

कातडीच्या तक्रारींना दिवसांची घाई नसते. कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ आणि सततचे खाजवणे हे बहुधा कानातल्या बारीक किड्यांमुळे असते. तेल किंवा रॉकेल न घालता औषध आणावे. केस गेलेले गोल चट्टे गजकर्णाचे असू शकतात आणि ते घरातल्या मुलांना लागते, म्हणून मांजराबरोबर माणसांनाही दाखवावे.

माणसांचाच विषय निघाला आहे तर दोन गोष्टी येथेच सांगतो. मांजराने चावले किंवा रक्त येईल असे ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रेबीजच्या लसीबद्दल विचारावे, मग ते मांजर आपले का असेना. घरात कोणी गरोदर असेल तर घमेले दुसऱ्याने आणि रोजच्या रोज साफ करावे, कारण गर्भाला बाधणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीचे अंडे शीतून पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस घेते. मांजर घराबाहेर काढण्याची मात्र गरज नसते.

सातवी पायरी: दवाखान्यात आणि परतल्यावर

निघताना वही घ्यावी. घरी लंगडणारे मांजर दवाखान्याच्या टेबलावर ताठ उभे राहते, म्हणून चाल, खोकला किंवा श्वास यांचे मोबाईलवर चित्रण करून न्यावे. उलटीचा किंवा शीचा फोटो घेण्यात लाज वाटून घेऊ नये. टोपलीवर ओढणी टाकावी, आणि प्रतीक्षेत कुत्र्यांपासून दूर, शक्यतो जमिनीवर न ठेवता मांडीवर घेऊन बसावे. शस्त्रक्रियेसाठी किती तास उपाशी ठेवायचे ते डॉक्टरांनाच विचारावे, लहान पिल्लांना हा काळ कमी असतो.

औषध नेमके कोणते, किती दिवस, खाण्याआधी की नंतर, हे तिथेच लिहून घ्यावे. गोळी देताना मांजराला टॉवेलमध्ये मान बाहेर राहील असे गुंडाळावे, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवावी आणि नंतर सुई काढलेल्या सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी गालाच्या बाजूने हळूहळू पाजावे. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी कोरडीच अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होऊन नलिका आक्रसते, आणि बरे होऊ लागलेले मांजर नव्या दुखण्यात सापडते. दोन दिवसांत तरतरी आली म्हणून औषध मध्येच थांबवू नये.

घरात दुसरे मांजर असेल तर ते परत आलेल्या सोबत्यावर फिस्कारेल, कधी झडपही घालेल. दवाखान्याच्या वासामुळे त्याला आपला सोबती ओळखू येत नाही. एक दिवस दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावे, आजारी मांजराच्या अंगावरून घरातला जुना टॉवेल फिरवावा, आणि टोपली धुऊन, वाळवून, दार उघडे ठेवून पुन्हा तिच्या जागी ठेवावी. आमच्याकडे काळू अजूनही दुपारी तिच्यातच झोपतो.